खानदेशातील नदीकाठची एकदिवसीय सहल : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रात 'एका दिवसाची सहल' असा शब्दप्रयोग केला की सामान्यतः कोकणचा समुद्रकिनारा डोळ्यांसमोर येतो. मुंबईकरांचे अलिबाग, किहीम, पालघरकडील केळवे ही ठिकाणे म्हणजे सकाळी निघून रात्री घरी परतण्याच्या अंतरावरचा समुद्र होय. पर्यटनविषयक मराठी लेखनही बहुतांशी याच कल्पनेभोवती फिरते. या लेखनात खानदेशाला स्थान नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. धुळ्याहून सुरतेजवळचा डुमसचा किनारा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पडतो, जळगावहून तर तो तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. पहाटे निघून, लाटा पाहून, त्याच रात्री घरी येणे हे वाहन कितीही वेगवान असले तरी सहलीपेक्षा शिक्षेसारखेच अधिक वाटावे असे आहे.

परंतु समुद्र नाही म्हणून खानदेशी माणसाला पाण्याच्या काठी जाऊन एक दिवस घालविण्याची हौस नव्हती असे समजणे चुकीचे ठरेल. तापी आणि तिला मिळणाऱ्या पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, गोमाई या नद्यांच्या काठी अशा दिवसाची फार जुनी परंपरा आहे. या परंपरेला इतिहास आहे आणि त्या इतिहासात एक विचित्र विसंगती आहे. जेव्हा नदीचा काठ पुष्कळांच्या आवाक्यात आला, त्याच काळात नदीने आपला काठ गमावला. वाहने वाढली, रस्ते झाले, रविवारची सुट्टी मिळाली. आणि नेमक्या त्याच दशकांत नदीतील पाणी धरणांत गेले व वाळू ट्रकमध्ये गेली. प्रस्तुत लेखात या दोन प्रक्रियांचा एकत्रित विचार केला आहे.

खानदेश म्हणजे येथे १९०६ पूर्वीचा अविभक्त खानदेश जिल्हा अभिप्रेत आहे. त्या वर्षी त्याचे पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले, महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर त्यांना जळगाव व धुळे ही नावे मिळाली आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. नद्यांना या सीमा ठाऊक नसल्यामुळे विवेचनात तिन्ही जिल्हे येतात, आणि प्रसंगी आज मध्य प्रदेशात असलेले बऱ्हाणपूरही येते.

'वाळवंट' या शब्दाचा अर्थ

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकाने मराठी मुलांना वाळवंट म्हणजे राजस्थान किंवा सहारा असे शिकविले. जुन्या मराठीत मात्र वाळवंट म्हणजे नदीपात्रातील वाळूचा उघडा पट्टा. पंढरपूरच्या चंद्रभागेचे वाळवंट सर्वांच्या परिचयाचे आहे. खानदेशातील नद्यांना असे वाळवंट विपुल प्रमाणात होते. पावसाळा सरला, पूर ओसरला की पात्राचा बराच भाग कोरडा पडे, मधून एखादी निवळशंख धार वाहत राही आणि दोन्ही बाजूंना स्वच्छ वाळू पसरलेली असे. मुले वाळूत झिरे खणीत, स्त्रिया धुणे वाळत घालीत, गुरे पाण्यावर येत. उन्हाळ्यात पात्रातच टरबूज, खरबूज व काकडीच्या वाड्या लावल्या जात. समुद्राच्या पुळणीवर माणूस जे जे करतो ते सर्व येथे करता येत होते. फक्त पाणी गोडे होते आणि लाटा नव्हत्या.

तापीचा काठ यापेक्षा काहीसा निराळा आहे. मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावून ७२४ किलोमीटरचा प्रवास करणारी ही नदी खानदेशात गाळाच्या उंच, तुटलेल्या दरडींमधून वाहते. त्यामुळे तापीवर कोठेही उतरता येत नाही. उतार आणि संगम हीच तिच्यापर्यंत पोहोचण्याची ठिकाणे. चांगदेव, मुडावद, सारंगखेडे, प्रकाशे या गावांचे महत्त्व केवळ धार्मिक नाही, तर ज्या ठिकाणी मोठा जनसमुदाय सुरक्षितपणे पाण्यापर्यंत जाऊ शकतो अशा मोजक्या जागांपैकी ती आहेत. तीर्थक्षेत्रांचा विचार करताना हा भौगोलिक भाग अभ्यासकांकडून बऱ्याचदा दुर्लक्षित राहतो.

या काठांवरील मानवी वस्ती अतिप्राचीन आहे. गिरणाकाठी चाळीसगाव तालुक्यातील बहाळ व टेकवाडे, तसेच तापीकाठचे प्रकाशे येथे १९५० च्या दशकात झालेल्या उत्खननांत ताम्रपाषाणयुगीन वसाहतींचे अवशेष मिळाले. म्हणजे नदीकाठी येणारा माणूस तीन हजार वर्षांहून जुन्या पायवाटेनेच येत होता.

यात्रा हीच सहल

एकोणिसाव्या शतकापूर्वीच्या शेतकरी समाजात केवळ मौजेसाठी घर सोडून दिवसभर जाणे ही कल्पना फारशी मान्य नव्हती. मौज होती, परंतु ती यात्रेच्या पदराखाली होती. खानदेशातील नदीकाठच्या यात्रांचे वेळापत्रक पाहिल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेडे येथे तापीकाठी यात्रा व घोड्यांचा बाजार, माघात महाशिवरात्रीला चांगदेव येथे तापी-पूर्णा संगमावर, चैत्रात धुळ्यास पांझरेकाठी एकवीरादेवीची आणि वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा. ही सर्व मांडणी पूर ओसरून वाळू उघडी पडल्यानंतरची आहे. पंचांग आणि नदीचे पात्र यांचा मेळ येथे अचूक बसलेला दिसतो.

यांपैकी अमळनेरची यात्रा या विषयाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे, कारण ती नदीकाठी नव्हे, तर थेट बोरी नदीच्या पात्रात भरते. महाराजांची समाधी पात्रातच आहे. अक्षयतृतीयेला स्तंभारोपण, मोहिनी एकादशीला रथोत्सव आणि वैशाखी पौर्णिमेला पालखी असा हा उत्सव असून त्या काळात कोरड्या पात्रात दुकाने, पाळणे, भांड्यांचे बाजार आणि खाद्यपदार्थांच्या राहुट्या यांचे एक तात्पुरते नगर उभे राहते. वैशाखातील दिवस तापलेला असतो, म्हणून गर्दी उन्हे कलल्यावर लोटते. ज्यांना मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरील संध्याकाळ ठाऊक आहे त्यांना बोरीच्या वाळवंटातील ही संध्याकाळ परकी वाटू नये.

स्त्रियांच्या दृष्टीने अक्षयतृतीया, म्हणजे खानदेशातील आखाजी, हा वर्षातला सर्वांत मोकळा दिवस. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि गौराई नदीवर नेली जाते. सासरी ज्या स्त्रीला नदी म्हणजे धुण्याचे गाठोडे एवढाच अर्थ होता, तिला त्या दिवशी तीच नदी खेळण्यासाठी मिळत असे. एकाच काठाचे हे दोन अर्थ लक्षात घेतल्याशिवाय 'सहल' या शब्दाचा सामाजिक आशय पूर्ण होत नाही.

राजदरबाराची मौज वेगळी होती. फारुकी सुलतानांची आरंभीची राजधानी थाळनेर आणि नंतरची बऱ्हाणपूर या दोन्ही तापीकाठीच होत्या. बऱ्हाणपूरचा शाही किल्ला नदीवर उभा आहे आणि पलीकडील तीरावर जैनाबादेस आहूखाना हे शिकार-विहाराचे उद्यान होते. १६३१ मध्ये मुमताज महलचा मृत्यू बऱ्हाणपुरात झाला तेव्हा तिचे प्रथम दफन याच उद्यानात करण्यात आले. नदी ओलांडून दिवसभर बागेत घालविण्याची ही चैन अर्थातच मोजक्यांची होती.

काठ कोणाचा?

सर्वसामान्यांची यात्रा तरी सर्वांची होती का, हा प्रश्न टाळता येणार नाही. पाणवठ्यांवरील जातींची उतरंड नदीवरही होती. वरच्या अंगाला कोणी उतरायचे आणि खालच्या अंगाला कोणी, हे ठरलेले असे. वाहत्या पाण्याला विटाळ नाही असे शास्त्र सांगत असले तरी व्यवहारात प्रवाहाची दिशा हीच सामाजिक दर्जाची दिशा होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात मंजूर झालेल्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याची शिफारस केली. तिची अंमलबजावणी किती कठीण होती हे १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाने दाखवून दिले.

खानदेशात याच संदर्भात धुळ्याजवळील लळिंगचा उल्लेख करावा लागेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ मध्ये धुळ्यास आले असता लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला. त्या स्मरणार्थ दरवर्षी ३१ जुलैला तेथे मोठा जनसमुदाय जमतो. पावसाळ्यातील हिरवे डोंगर, वाहते ओहोळ, घरून आणलेल्या शिदोऱ्या आणि अभिवादन असे त्या दिवसाचे स्वरूप असते. ज्या समाजाला जुन्या जत्रांच्या काठावर कडेला उभे राहावे लागले, त्याने एका दिवसाच्या आपल्या स्वतंत्र सहलीची निर्मिती केली, असे या घटनेकडे पाहता येते.

एका दिवसाची लांबी

'एक दिवसाचे अंतर' हे स्थिर माप नाही. वाहनाबरोबर ते बदलते. बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर चालते. खिलारी जोडी लावलेली हलकी दमणी थोडी अधिक चालेल. जेवणखाण आणि बैलांची विश्रांती धरता जाऊन-येऊन दिवस साधायचा तर दहा-बारा किलोमीटरपलीकडे जाता येत नसे. म्हणजे प्रत्येक गावाला आपापली नदी आणि फार तर शेजारच्या गावचा संगम एवढाच एकदिवसीय सहलीचा परीघ होता. त्यापलीकडे गेले की मुक्काम आला, आणि मुक्काम आला की ती सहल न राहता यात्रा होई.

समुद्र तर कित्येक मुक्कामांवर होता. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला तेव्हा व्यारा, नंदुरबार, थाळनेर, चोपडे, रावेर या मार्गाने त्याला सुमारे पंधरा दिवस लागले. हाच त्या काळातील खानदेशचा समुद्राकडे जाणारा राजमार्ग. त्यावरून कापड आणि नीळ बंदराकडे जात होती. केवळ समुद्र पाहण्यासाठी तो कोणी तुडविला असण्याचा संभव कमी.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे केले आणि पांझरेकाठी आखीव रस्त्यांची नवी पेठ वसविली. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ या मार्गाने पुढे सरकली. १९०० साली चाळीसगाव-धुळे हा फाटा आणि सुरतेहून नंदुरबारमार्गे अमळनेरकडे येणारा तापी खोऱ्यातील लोहमार्ग सुरू झाला. रो याने ज्या अंतरासाठी पंधरवडा घालविला, ते अंतर आता एका दिवसावर आले. तथापि रेल्वेने नदीकाठची सहल फारशी वाढविली असे म्हणता येत नाही. लोहमार्ग कापसाच्या बाजारपेठा जोडण्यासाठी घातले गेले, संगम जोडण्यासाठी नव्हे. अमळनेरची यात्रा हा अपवाद होय. तेथे स्थानक आणि वाळवंट एकाच गावात असल्यामुळे दूरच्या गावचे लोक सकाळी येऊन रात्री परत जाऊ शकले.

रेल्वेपेक्षा महत्त्वाची ठरली ती सुट्टी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतील गिरणी कामगारांसाठी केलेल्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मान्य झाली आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. जळगावात खानदेश मिल, अमळनेर व धुळ्यात प्रताप मिल अशा गिरण्यांमुळे खानदेशातही घड्याळावर जगणारा वर्ग तयार झाला होता. शेतकऱ्याला पंचांग सुट्टी देत असे. कामगार, कारकून आणि शिक्षक यांना ती आठवड्याने दिली. यात्रेवाचून नदीवर जाण्यास आता सबब लागत नव्हती. सण नसलेल्या दिवशी, देव नसलेल्या काठावर, केवळ जेवण्यासाठी आणि पोहण्यासाठी जाणे हा खऱ्या अर्थाने आधुनिक व्यवहार येथून सुरू होतो.

वरण-बट्टी, भरीत आणि एस. टी.

या सहलीचे खाणेही लक्षणीय आहे. कोकणच्या किनाऱ्यावर पाहुणा खानावळीत जेवतो. खानदेशी सहलीत स्वयंपाक काठावरच होतो. शेणाच्या गोवऱ्यांवर बट्ट्या भाजायच्या, वरण शिजवायचे. किंवा थंडीत मोठी हिरवी-पांढरी वांगी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजून, लाकडी बडगीत ठेचून भरीत करायचे आणि ते कळण्याच्या भाकरीबरोबर किंवा पुऱ्यांबरोबर खायचे. जळण शेतातले, वांगी शेतातली, पाणी नदीचे. यात विकत घेण्यासारखे फारसे काही नसल्यामुळे ही सहल गरीबालाही परवडत होती. पुढील बदल समजून घेताना ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात एस. टी.ने सहलीचा परीघ दहा-बारा किलोमीटरवरून साठ-सत्तर किलोमीटरपर्यंत नेला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली आणि पुढील दोन दशकांत खानदेशातील तालुके व मोठी गावे या जाळ्यात आली. यात्रांसाठी जादा गाड्या सुटू लागल्या. चोपडे तालुक्यात अडावदजवळील उनपदेवचा गरम पाण्याचा झरा, यावलजवळील मनुदेवीचा धबधबा, रावेर तालुक्यातील पाल, चाळीसगावजवळील पाटणादेवी, सातपुड्यातील तोरणमाळचा यशवंत तलाव ही नावे जिल्हाभर पसरली ती याच काळात. पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या परंपरेचा शिलालेख आहे, परंतु रविवारच्या गर्दीपैकी बहुतेकांना तेथे ओढून नेते ते गणित नव्हे, डोंगरातून येणारे पाणी.

याच एस. टी.ने खानदेशी मुलांना समुद्रही दाखविला. शालेय सहलींसाठी मिळणाऱ्या निम्म्या भाड्याच्या सवलतीमुळे खेड्यापाड्यांतील शाळा रायगड, मुरूड, गणपतीपुळे असा दोन-तीन मुक्कामांचा फेरा करू शकल्या. खानदेशातील अनेकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कुटुंबाबरोबर नव्हे, तर वर्गाबरोबर, शिक्षकांच्या शिट्टीच्या धाकात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींसंबंधीच्या सूचना कडक करण्यात आल्या आणि पाण्याजवळच्या सहली शाळांच्या यादीतून मागे पडू लागल्या. सावधगिरी योग्यच होती. परंतु ज्या मुलांच्या गावची नदीही कोरडी आहे त्यांनी पाण्याशी ओळख कोठे करून घ्यावी, याचा विचार त्यात कोठे दिसत नाही.

धरणांनंतरचा काठ

खानदेशच्या नद्यांवर बंधारे घालण्याची परंपरा जुनी आहे. पांझरेवरील फड पद्धतीचे बंधारे शेकडो वर्षे चालले. त्यांनी पाणी अडविले, परंतु नदी थांबविली नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील धरणांचे प्रमाण निराळे होते. १९६९ मध्ये नांदगाव तालुक्यात गिरणा धरण पूर्ण झाले. १९७२ मध्ये गुजरातेत तापीवर उकाई धरण झाले आणि त्याच्या जलाशयात तत्कालीन धुळे जिल्ह्यातील गावेही गेली. १९८२ मध्ये भुसावळजवळ तापीवर हतनूर, पुढे जळगावसाठी वाघूर, आणि २००० नंतरच्या दशकात तापीवरच सुलवाडे, सारंगखेडे व प्रकाशे येथील बॅरेज उभे राहिले.

या धरणांनी शेतीला पाणी दिले, शहरांना पिण्याचे पाणी दिले. त्यांची उपयुक्तता वादाचा विषय नाही. येथे प्रश्न काठाचा आहे. धरणाच्या वर पाणी राहिले, वाळू बुडाली. धरणाच्या खाली वाळू राहिली, पाणी गेले. पाणी आणि वाळू एकत्र असलेला काठ, ज्याला वाळवंट म्हणत, तो दोन्हीकडे संपला.

चांगदेवचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. हतनूरच्या फुगवट्यामुळे तापी-पूर्णा संगमावर आता बारमाही विस्तीर्ण पाणी असते. प्राचीन शिवमंदिरापासून ते दृश्य देखणे दिसते, नावेतून फेरी मारता येते आणि हिवाळ्यात जलाशयावर स्थलांतरित पक्षी येत असल्याने पक्षिनिरीक्षकही येतात. पाहण्यासाठी म्हणून हा काठ पूर्वीपेक्षा श्रीमंत झाला आहे. उतरण्यासाठी मात्र तो निरुपयोगी आहे. नदीच्या वाळवंटात पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आणि गुडघ्यापासून कमरेपर्यंत हळूहळू चढत असे. मूल त्या उतारावरच पोहायला शिके. जलाशयात काठाशी चिखल असतो आणि चिखलाच्या पुढे बुडालेली जुनी दरड. पाऊल एकदम खोल जाते. 'पाण्यात उतरू नये' अशी पाटी लावण्यावाचून प्रशासनापुढे पर्याय उरत नाही.

खालच्या अंगाला उलट परिस्थिती. गिरणा हिवाळा संपताच कोरडी पडते आणि धरणातून पिण्याच्या पाण्याचे आवर्तन सुटले तरच पुन्हा वाहते. भर उन्हाळ्यात पाणी आल्याची बातमी पसरली की काठच्या गावांतील मुले पात्राकडे धावतात. काही दिवस नदी असते, पोरे पोहतात, म्हशी बसतात. मग दरवाजे बंद होतात. पूर्वी नदीकाठचा दिवस तिथीने ठरत असे. आता तो आवर्तनाच्या आदेशाने ठरतो, आणि त्या आदेशात पोहणाऱ्या मुलांचा उल्लेख अर्थातच नसतो.

उरलेली वाळूही टिकली नाही. १९९० नंतर शहरांतील बांधकाम वाढले आणि गिरणा, पांझरा, तापी यांच्या पात्रांतील वाळूला सोन्याची किंमत आली. २०१२ मध्ये दीपककुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातील गौण खनिजाच्या उत्खननासही पर्यावरणीय परवानगी आवश्यक ठरविली. लिलाव, बंदी, चोरटी वाहतूक आणि महसूल कर्मचाऱ्यांवरील हल्ले यांच्या बातम्या तेव्हापासून खानदेशातील वृत्तपत्रांत नित्याच्या झाल्या आहेत. वाळू गेल्यावर पात्रात उरतात ते खडक, मुरूम, वेडी बाभूळ आणि खोल खड्डे. पावसाळ्यात किंवा आवर्तनात हे खड्डे भरतात, वरून पाणी सपाट दिसते आणि नेहमीच्या जागी उडी मारणाऱ्याला तळ सापडत नाही. आजोबांनी जेथे पोहणे शिकले तेथेच नातू बुडावा, यामागे नशिबापेक्षा उपशाचा भाग अधिक आहे.

समुद्र नसलेली चौपाटी

काठ नाहीसा झाला तरी काठाची ओढ नाहीशी झाली नाही. ती शब्दांत आणि दुकानांत शिल्लक राहिली. 'चौपाटी' हे मुंबईतील एका विशिष्ट किनाऱ्याचे नाव. चार पाट किंवा प्रवाह यांवरून ते आले असावे अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. आज महाराष्ट्रातील समुद्रापासून दूर असलेल्या शहरांत भेळ, पाणीपुरी, पावभाजीच्या गाड्यांच्या रांगेला चौपाटी म्हणतात. धुळ्यातही पांझरेकाठी अशी चौपाटी होती. अतिक्रमणाच्या वादात ती हटविण्यात आली. पांझरेचे पात्र समोर असताना लोक नदीकडे पाठ करून गाड्यांकडे तोंड करून बसत, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. नदीत शहराचे सांडपाणी येऊ लागल्यावर दुसरे काय होणार? जळगावात हीच भूमिका मेहरूण तलावाने काही अंशी पार पाडली. सकाळी फिरणारे, संध्याकाळी कणीस खाणारे, आणि गणेश विसर्जनाच्या दिवशी सारे शहर तेथे लोटते.

मात्र या नव्या काठांवर बट्टी भाजता येत नाही. विकत घेऊन खाणे हीच तेथील मुख्य कृती. जी सहल शेतातल्या वांग्यांवर आणि काड्यांवर भागत होती, तिला आता खिशातून पैसे काढावे लागतात. महामार्गालगतच्या जलक्रीडा उद्यानांत तर प्रवेशासाठीच तिकीट आहे. भरिताची मेजवानी शेतमळ्यावर गेली आणि ज्यांच्याकडे मळा नाही किंवा मळ्याच्या मालकाशी ओळख नाही त्यांच्यापासून ती दुरावली.

तापीच्या मुखाशी

समुद्राशी खानदेशचा एक संबंध मात्र अलीकडच्या काळात वाढला आहे. पूर्वी सहा क्रमांकाचा आणि २०१० च्या पुनर्रचनेनंतर ५३ क्रमांकाचा झालेला राष्ट्रीय महामार्ग जळगाव-धुळ्यातून जातो. त्याचा आरंभ सुरतेजवळ समुद्रालगतच्या हजिऱ्यापाशी आहे. कोंडाईबारीचा घाट उतरून नवापूर ओलांडले की गुजरात लागते. नवापूरहून सुरत सुमारे सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, नंदुरबारहून रेल्वेने दीडशेच्या थोडी पलीकडे. म्हणजे खानदेशच्या पश्चिम टोकाला तरी समुद्र खरोखरच एका दिवसाच्या अंतरात येतो. उधना-जळगाव लोहमार्गाच्या दुहेरीकरणाचे व विद्युतीकरणाचे लोकार्पण २०१९ मध्ये झाले आणि हा प्रवास आणखी सुकर झाला.

परंतु या मार्गाने जाणारा बहुसंख्य खानदेशी माणूस पर्यटक म्हणून गेलेला नाही. सुरतेच्या कापड उद्योगात पोट भरण्यासाठी तो गेला. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत अहिराणी बोलणाऱ्यांची मोठी वस्ती आहे. तेथे आखाजी होते, कानबाईची मिरवणूक निघते. सुट्टीत गावाकडून आलेल्या पाहुण्यांना घेऊन ही मंडळी रविवारी डुमसला जातात. तेथली वाळू काळी आहे. शेजारीच तापी समुद्राला मिळते. मुलताईहून निघून चांगदेव, मुडावद, प्रकाशे असा प्रवास करीत, हतनूरपासून उकाईपर्यंतच्या भिंतींमधून जेवढे पाणी सुटले तेवढे घेऊन ती येथे येते. मुडावदला कपिलेश्वराच्या पायथ्याशी जिच्या वाळूत आजोळच्या पोरांनी झिरे खणले, तिच्याच मुखाशी तीच माणसे आता भजी घेऊन बसलेली दिसतात, आणि त्यांची मुले ओहोटीच्या ओल्या वाळूत हाताने खड्डे करून त्यात पाणी झिरपण्याची वाट पाहतात. ते पाणी खारट असते, एवढाच फरक.